चरणाऱ्या कोकरांचा खुराक: आधी रान बघा

तुम्ही लिहिले आहे की कोकरे 40 आहेत, वय अडीच ते तीन महिने, वजन 16 ते 20 किलो. दिवसभर चरतात, पण रान वाळत चालले आहे आणि महिनाभरात वजन जवळपास जागच्या जागी आहे. म्हणून संध्याकाळी भरडलेला मका सुरू केला, पहिल्याच दिवसापासून प्रत्येकी 300 ग्रॅमच्या हिशेबाने. पाचव्या दिवशी दोन कोकरे सकाळी मेलेली सापडली. रात्री दोन्ही बरी होती, आणि कळपातली सगळ्यात ठणठणीत तीच होती. ती का गेली आणि खुराक नेमका किती द्यावा, असे तुमचे दोन प्रश्न आहेत.

पहिला प्रश्न घाईचा आहे. मका आज थांबवा. कायमचा नाही, पण आज थांबवा.

कोकराच्या कोठीपोटातले, म्हणजे जिथे चारा आंबून फुटतो त्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यातले, जिवाणू रोजच्या चाऱ्याप्रमाणे घडलेले असतात. वाळल्या गवतावर असलेल्या पोटात गवताचे तंतू फोडणारे जिवाणू जास्त. तिथे एकदम पाव किलोवर भरडा पडला की पिष्टावर जगणारे जिवाणू काही तासांत बेसुमार वाढतात आणि लॅक्टिक आम्ल तयार करतात. पोटाचा सामू, म्हणजे आम्लतेचे माप (आकडा जितका कमी तितके आम्ल जास्त), एरवी 6 ते 7 च्या दरम्यान असतो. तो साडेपाचच्या खाली उतरला की तंतू फोडणारे जिवाणू दुबळे होतात, आणखी उतरला की पोटाची हालचालच थांबते. असे कोकरू सुस्त होते, दात खाते, झोकांड्या देत चालते. पोट हलवले तर आत पाणी डुचमळल्यासारखे लागते. लेंडी बिघडून आंबूस वासाची पातळ हगवण सुरू होते आणि तिच्यात न पचलेले दाणे दिसतात.

तुमच्या दोघांत यातले काहीच दिसले नाही, म्हणून मला आंत्रविषाराची, म्हणजे आतड्यात जिवाणूचे विष होण्याच्या आजाराची, शंका जास्त येते. त्याचा जिवाणू, क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स, निरोगी कोकराच्या आतड्यातही थोडा असतोच. पिष्ट न पचता आतड्यात पुढे सरकले की त्याला आयते खाद्य मिळते, तो झपाट्याने वाढतो आणि विष सोडतो. गव्हाणीवर सगळ्यांना रेटून जे जास्त खाते, ते आधी मरते. धष्टपुष्ट कोकरू रात्रीतून गेले, मान मागे ताणलेली, पाय ताणलेले, तर हाच आजार आधी आठवावा. खात्री शवविच्छेदनानेच होते, तेही लवकर करायला हवे, कारण असे शव फार लवकर कुजते.

उरलेल्या 38 कोकरांसाठी पशुवैद्यकाला बोलावून आंत्रविषाराची लस टोचून घ्या. पहिल्यांदा टोचत असाल तर 3 ते 4 आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा लागतात, आणि भरवशाचे संरक्षण दुसऱ्या मात्रेनंतर साधारण दोन आठवड्यांनी येते. आईला विण्याआधी महिनाभर लस दिलेली असेल तर चिकातून मिळालेले संरक्षण कोकराला पहिले दोन-तीन महिने पुरते. तुमची कोकरे नेमकी ते संपण्याच्या वयात आहेत. एखादे आत्ता सुस्त, पोट डुचमळणारे दिसत असेल तर त्याला फक्त सुके गवत ठेवा आणि पशुवैद्यकाला लगेच कळवा. खाण्याच्या सोड्याचे पाणी पाजतात ते पोटातले आम्ल आवरण्यासाठी, पण मान उंच ओढून घाईने ओतलेले पाणी फुप्फुसात जाते आणि कोकरू सोड्याने नाही, आपल्या हाताने मरते.

मी हे इतक्या ठामपणे लिहितो कारण सुरुवातीच्या वर्षात मीही अशीच कोकरे गमावली आहेत. रान संपत आले होते, कोकरे बारीक दिसत होती, जीव कळवळला आणि मी दोन दिवसांत धान्य दुप्पट केले. त्यानंतर एक गोष्ट कायमची शिकलो. पोट तयार व्हायला लागणारे दिवस कमी करता येत नाहीत.

आता दुसरा प्रश्न. किती द्यावा हे विचारण्याआधी रानात काय कमी आहे ते बघायला हवे. खुराकाला पूरक म्हणतो ना, मग तो कशाला पूरक हे आधी ठरले पाहिजे.

रान हिरवे आणि लुसलुशीत असते तेव्हा त्यात प्रथिने भरपूर असतात, अनेकदा 20 टक्क्यांच्या आसपास. अडचण पाण्याची असते. अशा गवतात 80 ते 85 टक्के पाणीच असते. 20 किलोच्या कोकराला दिवसाला साधारण 700 ते 800 ग्रॅम सुका अंश (चाऱ्यातले पाणी वगळून उरणारा भाग) लागतो, म्हणजे वजनाच्या साडेतीन-चार टक्के. तेवढा मिळवायला त्याने 4 किलोभर ओले गवत खायला हवे आणि एवढ्याशा पोटात ते मावत नाही. तिथे थोडे धान्य उपयोगी पडते, कारण ते थोड्या जागेत ऊर्जा देते. पेंड मात्र तिथे वाया जाते. जास्तीची प्रथिने शरीर मूत्रावाटे बाहेर टाकते, आणि त्या कामालाही ऊर्जा खर्च होते.

रान वाळले की चित्र उलटे होते. गवत डोळ्यांना भरपूर दिसते, पण त्यातली प्रथिने 4-5 टक्क्यांवर आलेली असतात. 7 टक्क्यांच्या खाली प्रथिने गेली की कोठीपोटातल्या जिवाणूंनाच नत्र कमी पडते. ते गवत नीट फोडू शकत नाहीत, न फुटलेले गवत पोटात पडून राहते, आणि पोट भरलेले असल्यामुळे कोकरू चरणेच कमी करते. संध्याकाळी पोट टम्म दिसते आणि काटा हलत नाही. तुमच्याकडे हेच चालले आहे. अशा वेळी मका घातला तर दुखणे वाढते, कारण मक्यात प्रथिने फक्त 9 टक्क्यांच्या आसपास आणि त्याचे पिष्ट तंतू फोडणाऱ्या जिवाणूंना आणखी मागे रेटते. उलट 60-70 ग्रॅम चांगली पेंड दिली तर कोकरू तेच वाळके गवत जास्त खाते आणि जास्त पचवते. थोड्याशा पेंडीमुळे अख्खे रान कामाला येते, म्हणून वाळल्या दिवसांत मी पेंडीला धान्याच्या आधी मान देतो.

तिसरी परिस्थिती म्हणजे रानच आखूड. हिरवे असले तरी तीन-चार सेंटीमीटरच्या खाली कुरतडलेले. मेंढरू रोज 8 ते 10 तास चरते, गवत कमी पडले तर वेळ वाढवते, पण त्याला मर्यादा आहे. घास लहान झाला की दिवस पुरत नाही. शिवाय ते गवत शोधत फिरते, आणि उभ्या चढणीवर चढायला सपाटीवरच्या तेवढ्याच अंतराच्या सुमारे दहापट ऊर्जा लागते. अशा रानावर काहीही दिले तरी ते खरोखर भर म्हणून पडते. भरगच्च हिरव्या रानावर मात्र 100 ग्रॅम धान्य खाल्ले की कोकरू अनेकदा 50 ग्रॅमहून जास्त सुका अंश गवतात सोडून देते. म्हणजे आपण खुराक विकत घेऊन फुकटचे गवत वाचवतो. रान चांगले असताना कोकरांना धान्य घालणारे बरेच जण भेटतात, आणि त्यांना थांबवणे सगळ्यात अवघड जाते, कारण कोकरे धावत गव्हाणीवर येतात आणि ते बघायला छान वाटते.

तुमचा हिशेब मांडून बघू. 20 किलोचे कोकरू, रोज 100 ग्रॅम वाढ एवढेच माफक ध्येय. त्याला दिवसाला सुमारे 90 ग्रॅम प्रथिने हवीत. वाळक्या रानातून 450 ग्रॅम सुका अंश मिळाला, त्यात 5 टक्के प्रथिने, म्हणजे 22-23 ग्रॅम. पाव हिस्साच झाला. 22 टक्के प्रथिनांचे मिश्रण 200 ग्रॅम दिले तर 44 ग्रॅम मिळतात. उरलेली 23-24 ग्रॅम 150 ग्रॅम सुक्या द्विदल पाल्यातून येऊ शकतात, त्यात साधारण 16 टक्के प्रथिने धरली तर. एवढ्यावर गणित जुळते. पाला मिळत नसेल तर मिश्रण 300 ग्रॅमवर न्यावे लागेल. म्हणजे तुमचा आकडा चुकला नव्हता. चुकले ते खाद्य, आणि एकदम सुरू करणे.

अशा मिश्रणासाठी 100 किलोत मी 40 किलो मका किंवा ज्वारी, 35 किलो शेंगदाण्याची किंवा सोयाबीनची पेंड, 22 किलो गव्हाचा कोंडा किंवा डाळीची चुनी आणि उरलेल्या 3 किलोत चुनखडीची भुकटी, मेंढ्यांचे खनिज मिश्रण आणि मीठ असे प्रमाण ठेवतो. रान हिरवे झाले की पेंड कमी करून धान्य वाढवतो. सरकीची पेंड दोन महिन्यांच्या आतल्या कोकरांना देऊ नये. तिच्यातले गॉसिपॉल हे विषारी द्रव्य, ज्यांचे कोठीपोट अजून पुरते चालू झाले नाही, त्यांना बाधते. युरियाचेही तेच, लहान कोकरांच्या खाद्यात तो नकोच. आणि पेंड किंवा मका घेताना नाकाशी धरून बघा. कुबट वास, हिरवट-काळी बुरशी दिसली तर ते पोते कितीही स्वस्त असो, परत करा. बुरशीचे विष यकृतावर जाते आणि वाढ खुंटते, बाहेरून मात्र काही दिसत नाही.

एक इशारा ठळकपणे देतो. गाई-म्हशींचे किंवा डुकरांचे खनिज मिश्रण मेंढरांना घालू नका. मेंढीचे यकृत तांबे साठवत राहते आणि इतर जनावरांसारखे बाहेर टाकू शकत नाही. महिनोन्महिने काही दिसत नाही. मग एखाद्या ताणाच्या दिवशी, लांबच्या प्रवासात किंवा हवा बदलल्यावर साठलेले तांबे एकदम रक्तात येते, रक्तपेशी फुटतात, डोळे पिवळे होतात, लघवी तांबडी-काळी होते, आणि तोवर करण्यासारखे फार थोडे उरलेले असते. पिशवीवर मेंढ्यांसाठी असे स्पष्ट लिहिलेले असेल तरच घ्या.

चुनखडी का घालायची तेही सांगतो, कारण ती स्वस्त म्हणून लोक विसरतात. धान्य, कोंडा, पेंड या सगळ्यांत स्फुरद (फॉस्फरस) जास्त आणि कॅल्शियम कमी. नर कोकरांत, विशेषतः लहानपणी खच्ची केलेल्यांत, यामुळे मूत्रमार्गात खडे धरतात. कोकरू पाठ वाकवून कण्हत उभे राहते आणि लघवी थेंब थेंब येते किंवा येतच नाही. एकूण आहारात कॅल्शियम स्फुरदाच्या दुप्पट असावे. मिठामुळे पाणी जास्त प्यायले जाते, तेही खड्यांपासून वाचवते. त्यासाठी पाणी स्वच्छ आणि जवळ हवे. खुराक सुरू केला आणि पाण्याची व्यवस्था जुनीच ठेवली, ही चूक मी वारंवार पाहतो.

सुरुवात कशी करायची? दोन-तीन दिवस नुसते सुके गवत आणि रान. मग प्रत्येकी 50 ग्रॅम. दर तिसऱ्या दिवशी 50 ग्रॅमने वाढवा. म्हणजे 200 ग्रॅमवर जायला दहा दिवस आणि 300 वर जायला पंधरा-सोळा दिवस. लस टोचून झालेली नसेल तर मी 150 ग्रॅमच्या वर जात नाही. मधेच कुठे लेंडी सैल झाली तर वाढ थांबवा, एक पायरी मागे या. खुराक एक-दोन दिवस चुकला तर पुन्हा पूर्ण मापाने सुरू करू नका, अर्ध्यावरून चढा. 200 ग्रॅमच्या वर गेलात की दोन वेळांत वाटून द्या.

धान्य भरडू नका. दीड-दोन महिन्यांच्या पुढचे कोकरू अख्खा दाणा स्वतः चांगला चावते. चावताना लाळ सुटते, लाळेत सोडा असतो आणि तो आम्ल आवरतो. पिठासारखा भरडा मात्र चावावाच लागत नाही, तो कोठीपोटात पडल्याबरोबर आंबू लागतो. त्याहून लहान कोकरांना जाड भरडलेले द्यावे. गाई-म्हशींच्या शेणात दाणे जसे अख्खे निघतात तसे कोकरांच्या लेंडीत फारसे निघत नाहीत. दोन-चार लेंड्या फोडून स्वतः बघा, खात्री पटेल.

वेळेबद्दल. सकाळी रानात सोडण्याआधी खुराक दिला तर कोकरे दुसऱ्या दिवसापासून चरणे सोडून फाटकाशी वाट बघत उभी राहतात. मेंढरांची चराई पहाटेनंतर आणि दिवस मावळताना जोरात असते, दुपारी ती बसून रवंथ करतात. रानातच द्यायचे असेल तर दुपारची वेळ उत्तम. वाड्यात परतत असतील तर परतल्यावर, आधी मूठभर सुके गवत आणि मग खुराक. वेळ रोज तीच ठेवा. उशीर झाला की भुकेलेली कोकरे तुटून पडतात आणि काही थोड्याच मिनिटांत दुप्पट गिळतात.

गव्हाणीची लांबी ही किरकोळ बाब वाटते, पण तुमची दोन कोकरे बहुधा तिच्यामुळेच गेली. 300 ग्रॅम हा सरासरीचा हिशेब आहे. गव्हाण आखूड असेल तर दांडगी 600 खातात आणि बुजरी 50 वर समाधान मानतात. प्रत्येक कोकराला 20 ते 25 सेंटीमीटर जागा द्या, म्हणजे 38 जणांना, दोन्ही बाजूंनी खाता येईल अशी, साडेचार-पाच मीटर गव्हाण. सगळ्यांची तोंडे एका वेळी आत गेली पाहिजेत. पहिल्या आठवड्यात गव्हाणीच्या टोकाला शांत उभे राहून बघा कोण येत नाही. त्यांच्या पाठीवर रंगाची खूण करा आणि चार-पाच दिवस वेगळे खायला घाला, सोबत एक खायला शिकलेले कोकरू किंवा जुनी मेंढी ठेवा. मेंढरू मेंढराकडूनच शिकते. आईबरोबर असताना ज्याने दाणा चाखला आहे ते कोकरू पुढे वर्षभरानेही तो ओळखते. गव्हाण जमिनीपासून उंच आणि लेंडीपासून दूर ठेवा, नाहीतर कॉक्सिडिया या आतड्यातल्या सूक्ष्म परजीवीची रक्ती हगवण पसरते.

आता जंत. वजन थांबले म्हणजे खाणे कमी पडले असे आपण लगेच धरतो. पण या वयात कोठीपोटाच्या पुढे, चौथ्या कप्प्यात, हिमॉन्कस हा रक्त पिणारा गोलकृमी ठाण मांडून असू शकतो. एक जंत दिवसाला सुमारे 0.05 मिलिलिटर रक्त पितो. हजार जंत म्हणजे 50 मिलिलिटर, आणि 20 किलोच्या कोकराच्या अंगात सगळे मिळून रक्त असते सव्वा लिटरच्या आसपास. त्याला कुठला खुराक पुरणार? खालच्या पापणीचा आतला भाग बघा. तांबडा असेल तर ठीक, फिक्कट गुलाबी किंवा पांढरट असेल तर औषध. हीच तपासणी रंगपट्टीशी ताडून करायची पद्धत दक्षिण आफ्रिकेत विकसित झाली आणि फमाचा नावाने आज जगभर वापरली जाते. सगळ्यांना सरसकट जंतनाशक पाजू नका, त्याने औषधाला न जुमानणारे जंत वाढतात. लेंडीतल्या अंड्यांची तपासणी करून ठरवा. जंतांच्या अळ्या ओल्या गवताच्या बुडाशी, खालच्या पाच सेंटीमीटरमध्ये जास्त असतात, म्हणून आखूड कुरतडलेल्या रानावर भूक आणि जंत एकत्र येतात. प्रथिने पुरेशी मिळाली की कोकरू जंतांशी जास्त चांगले झगडते. पेंडीचा हा उपयोग काट्यावर लगेच दिसत नाही, पण तो मोठा आहे.

खुराक लागू पडतो की नाही हे डोळ्यांनी कळत नाही. 12-15 कोकरांवर खूण करा आणि दर 14 दिवसांनी, एकाच वेळी, सकाळी चरायच्या आणि पाणी प्यायच्या आधी तोला. पोट भरलेले आणि रिकामे यांतच या वयात किलो-दीड किलोचा फरक पडतो, म्हणून वेळ पाळली नाही तर आकडा फसवतो. जमल्यास 6-7 कोकरे खुराकाशिवाय त्याच रानावर ठेवा. खुराकवाली रोज 110 ग्रॅम वाढली आणि बिनखुराकाची 50 ग्रॅम, तर खुराकाची कमाई 60 ग्रॅमच आहे, 110 नाही. रोज 200 ग्रॅम देऊन 60 ग्रॅम वाढ, म्हणजे किलोमागे सव्वातीन-साडेतीन किलो खाद्य. तुमच्याकडच्या बाजारभावाने हा सौदा परवडतो का ते मग तुम्हीच ठरवू शकता. फरक 20 ग्रॅमवर आला तर खुराक बंद करून दुसरे काय बिघडले आहे ते शोधा.

कळपात ठेवायच्या मादी कोकरांना वेगळे काढा. विकायच्या नरांइतका खुराक त्यांना नको. पहिल्या काही महिन्यांत मादीला फार चरबीवर आणले तर कासेत दूध तयार करणाऱ्या पेशींच्या जागी चरबी बसते आणि ती पुढे आई म्हणून कमी पडते. थोडी मागे राहिलेली मादी हिरवे रान मिळाले की भरून काढते, त्याची चिंता करू नका.

पुढच्या वेतासाठी एक काम आत्तापासून डोक्यात ठेवा. मेंढीचे दूध विल्यानंतर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सर्वात जास्त असते आणि मग उतरत जाते. कोकराची गरज त्याच वेळी चढत असते. म्हणून दहाव्या-पंधराव्या दिवसापासून एका कोपऱ्यात सुमारे 20 सेंटीमीटर रुंद फटींचे फाटक लावा, ज्यातून कोकरू आत जाईल आणि आई बाहेर राहील. आत 18 ते 20 टक्के प्रथिनांचा जाड भरडा आणि कोवळे सुके गवत ठेवा, रोज ताजे. पहिले दोन आठवडे ती नुसती हुंगतील, चिमूटभर खातील. ती चिमूटच महत्त्वाची, कारण दाणा आंबून होणारी आम्ले कोठीपोटाच्या आतल्या अस्तराला वाढवतात, दूध ते करत नाही. अशी कोकरे सहा-आठ आठवड्यांत खरी रवंथ करणारी होतात, आणि दूध तोडल्यावर वजन थांबत नाही.

सध्या मात्र लस, पापण्यांची तपासणी, गव्हाणीची लांबी, आणि मग 50 ग्रॅमपासून पेंडीचे मिश्रण, या क्रमाने चाला. नवे हिरवे फुटले की खुराक आठ-दहा दिवसांत उतरवत बंद करा. कोवळे गवतही पोटाला नवेच असते, त्या आठवड्यात सकाळी थोडे सुके गवत खाऊ घालूनच रानात सोडा.